हाडं ठणकली तेव्हा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चुकलंमाकलं नीट करून वाचा. हे लिहितोय ते ज्यांच्या घरात केमो सुरू आहे, किंवा उद्या-परवा सुरू व्हायची आहे, त्यांच्यासाठी. डॉक्टर सांगतात ते बरोबरच असतं, पण ते टेबलाच्या त्या बाजूनं सांगतात. या बाजूला स्टुलावर बसलेल्या माणसाला काय होतं ते मी सांगतो.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना उगीच जीव टांगणीला लागायचा नाही. मी बरा झालोय. गाठ गेली. आज सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्याबरोबर.

गाठ

मी कवठे येमाईचा. माझी बायको हौसा गेल्या उन्हाळ्यात गेली. कांदा साठवायच्या चाळीत कांदा भरता भरता दम लागला म्हणून खाली बसली, ती उठलीच नाही. लग्नाला किती वर्षं झाली होती ते तिलाच पाठ असायचं. आता विचारायचं कुणाला?

पाऊसकाळ सरला तेव्हा दाढी करताना मानेला गाठ लागली. दुखत नव्हती. मी कुणाला बोललो नाही. घरात मी, एक गाय आणि रेडिओ. पुढं एक लेक, मंदा, ती राहूला दिलेली, दौंड तालुक्यात. ती दिवाळीला आली आणि दारातनंच तिनं विचारलं, आप्पा, मानेला काय झालंय? मी म्हटलं, काय न्हाई, वय झालंय. तिनं दुसऱ्या दिवशी शिरूरला नेलं, शिरूरवाल्यांनी पुण्याला पाठवलं, पुण्यात गाठीचा तुकडा काढला.

रिपोर्टाच्या दिवशी डॉक्टरबाई जावयाशी बोलायला लागल्या. माझ्याकडं बघेनात. मी म्हटलं, बाई, गाठ माझ्या मानेला हाय, त्यांच्या न्हाई. तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या आणि सरळ सांगितलं. गाठींचा कॅन्सर आहे, पण बऱ्या होणाऱ्यातला आहे. केमोचे सहा डोस द्यायचे. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: डोस वेळेवर पडले पाहिजेत. वेळ चुकत गेली तर गाठ डोकं वर काढते.

खरं सांगतो, मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. हौसा गेल्यापासून मी सकाळी उठत होतो ते गाय हंबरते म्हणून. मरायची घाई नव्हती, पण राहायचीही काही हौस उरली नव्हती. बाहेर आल्यावर मी मंदाला म्हटलं, कशाला एवढं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून रडली, मग तोंड धुतलं आणि म्हणाली, "आई न विचारता गेली. तुम्हाला मी जाऊ देत न्हाई."

लेकीच्या घरी

आमच्याकडं बापानं लेकीच्या सासरी मुक्काम टाकायचा म्हणजे खाली मान घालायचं काम. पूर्वीचे लोक लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. माझा थोरला भाऊ नामदेव, त्याला मी आण्णा म्हणतो, तो तर तापलाच. पोरीच्या दारात जाऊन पडणार, मग आम्ही काय मेलो का, म्हणाला. पण त्याच्या घरी नातवंडांचा गोतावळा, रोज एकाचं नाक वाहतंय, आणि केमोवाल्याला ते चालत नाही. मंदानं माझे कपडे पिशवीत भरले, गाय आण्णाच्या गोठ्यात बांधली आणि मला राहूला आणलं.

जावई भाऊसाहेब माणूस सोन्यासारखा, फक्त बोलतो फार. मला मामा म्हणतो. त्याच्या दहा-बारा संकरित गाई, दुधाचा धंदा. जगातली कुठलीही गोष्ट तो गाईवर नेऊन समजावतो.

पहिला डोस झाला. उलट्या झाल्या, पण ऐकलं होतं तेवढ्या नाही. केस गेले. केसाचं मला काही नाही, टोपी असतेच. घोळ वेगळाच झाला. दुसऱ्या डोसाला पुण्याला गेलो, रक्त काढलं आणि बाई म्हणाल्या, आज डोस नाही, घरी जा. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात.

पेशी म्हणजे काय ते मला तिथं कळलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या राखणदार. बाहेरचा रोग आत आला की त्या त्याला धरतात. केमो म्हणजे तणनाशकासारखं. तण जळतं, पण वाऱ्यानं उडालं तर शेजारचं पीकही पिवळं पडतं. तसे आमचे राखणदार गाठीबरोबर मेले होते. राखण नसताना पुढचा डोस दिला तर साधा ताप माणसाला घेऊन जातो. म्हणून थांबायचं. आणि थांबलं की तेवढा वेळ गाठीला मिळतो. म्हणजे दोन्हीकडून आम्हीच अडकलेलो.

आठवडा वाया गेल्यावर दुसरा डोस मिळाला. बाईंनी त्याच्यामागून घ्यायला पाच इंजेक्शनं दिली, रोज एक. ही पेशी वाढवायची इंजेक्शनं. पेशी यानं वर आल्या तर पुढचे डोस वेळेवर, नाही आल्या तर अवघड आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्या सरळ बोलतात म्हणूनच मला पटतात.

बर्फाचा कप्पा

इंजेक्शनं बर्फाच्या पिशवीत घालून दिली होती. सिस्टरनं भाऊसाहेबाला उभं करून दहा गोष्टी सांगितल्या. त्यातली एक आम्ही घरी आणली: फ्रिजमध्ये ठेवा.

घरी आल्यावर मंदा ती खालच्या फळीवर ठेवत होती. भाऊसाहेबानं हात धरला.

"तिथं न्हाई, वर. बर्फाच्या कप्प्यात."

"सिस्टर नुसतं फ्रिज म्हणाली," मंदा म्हणाली.

"अगं, जेवढं गार तेवढं टिकतंय. मामा, गाई भरवायच्या, बैलाच्या बीजाच्या कांड्या बघितल्यात ना? नायट्रोजनच्या टाकीत असत्यात. धूर निघतोय एवढं गार. वर्षं गेली तरी आतला जीव मरत न्हाई. औषधाचं बी तेच हाय."

मला पटलं. त्या कांडीतनं झालेली कालवड समोर दावणीला उभी होती, पटणार नाही तर काय. मी म्हटलं, मंदे, ठेव वर. मंदानं आमच्या दोघांकडं बघितलं आणि ठेवली.

वस्तीवरची लाईट तुम्हाला माहीत आहे. गेली की दोन-चार तास. कप्प्यातलं बर्फ सुटायचं, लाईट आली की पुन्हा धरायचं. असं त्या पाच दिवसांत किती वेळा झालं देव जाणे. सकाळी गावातल्या दवाखान्यातली सिस्टर यायची, मंदा कुपी मुठीत धरून बर्फ सोडवायची, सिस्टर टोचून जायची. तिला बिचारीला काय माहीत, कुपी तिच्या हातात पडेपर्यंत पाणी झालेली असायची.

मला काही म्हणजे काही त्रास झाला नाही. कुठं दुखलं नाही, खुपलं नाही. भाऊसाहेब गावभर सांगत सुटला की मामांना इंजेक्शन फार मानवलं.

पाच संपली, त्याच्या दोन दिवसांनी मला थंडी वाजून ताप भरला. मी म्हटलं, एक तापाची गोळी दे, झोपतो. हे तुम्ही करू नका. केमो चालू असताना ताप आला की गोळी घेऊन झोपायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा. मंदानं गोळीचं पाकीटच खिडकीबाहेर टाकलं आणि मला गाडीत घातलं.

एकट्याची खोली

दवाखान्यात मला एकट्याला खोलीत ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तोंड बांधायचं, हात धुवायचे. फुलं नाहीत, कच्ची फळं नाहीत. सलाईनमधून एकामागून एक औषधं. सकाळी रक्त, संध्याकाळी रक्त. जेवण खिचडी, परत खिचडी. वेळ कळायची ती फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या की. त्या रोज विचारायच्या, बाबा, आज कसं? त्या एका विचारण्यावर माझी दुपार निघायची.

पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरबाई कागद बघतात, माझ्याकडं बघतात. इंजेक्शनं घेतली का? घेतली. पाचही? पाचही. हाडं दुखली का? अजिबात न्हाई, मी छाती काढून सांगितलं. बाईंचा चेहरा पडला.

मग त्यांनी विचारलं, ठेवली कुठं होती? माझ्या आधी भाऊसाहेब बोलला. तोंडावरच्या फडक्यातून त्यानं नायट्रोजनची टाकी, कांडी, धूर, कालवड, सगळं सांगितलं. लाईट जायची तेही सांगितलं. सांगताना खुशीत होता.

बाईंनी कपाळाला हात लावला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कांडीत बर्फानं मरू नये म्हणून वेगळं काही मिसळलेलं असतं. या औषधात ते नसतं. हे औषध म्हणजे प्रथिन, फार नाजूक. गोठलं, सुटलं, पुन्हा गोठलं की मोडतं. मग ते टोचलं काय आणि न टोचलं काय. सगळं त्याच्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण हे होऊ द्यायचं नव्हतं.

भाऊसाहेब बोलायचा थांबला. दारापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मी तुम्हाला मारलं असतं."

"आपण दोघांनी मिळून मारलं असतं," मी म्हटलं. "मला बी पटलं होतं की."

बाईंनी त्यांच्या फ्रिजमधलं नवीन इंजेक्शन त्याच दिवशी चालू केलं. पुढचा डोस वेळेवर मिळणार का नाही ते आता याच्यावर होतं.

ठणका

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. आधी कमरेत. मग खुब्यात. मग छातीच्या मधल्या हाडात. असं दुखणं मी कधी पाहिलं नव्हतं. मार लागल्याचं नव्हे, आतून. नाडीबरोबर ठणकत होतं, हाडाच्या आत कुणी घण घालतंय तसं. कूस बदलली तरी तेच, बसलो तरी तेच.

मी काय समजलो असेन ते तुम्हीच सांगा. आमच्या गावात एक बाई कॅन्सरनं गेली, तिचा हाडात उतरला होता. ती अशीच कण्हायची. मला वाटलं, संपलं.

मंदा शेजारी बसली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मंदे, हाडात उतरला गं. घरी चल. हितं मरायचं न्हाई मला."

आणि मला रडू फुटलं. हौसाला अग्नी दिला तेव्हासुद्धा लोकांत मी रडलो नव्हतो. आणि आता लेकीपुढं लहान पोरासारखा. रडताना माझं मलाच नवल वाटत होतं. ज्याला राहायची हौस नव्हती तो हाच का? मला घर पाहिजे होतं, गाय पाहिजे होती, पुढच्या सुगीचा कांदा चाळीत भरलेला बघायचा होता. हौसा नसली तरी बघायचा होता. हे मला त्या खाटेवर कळलं. त्याची मला आधी लाज वाटली, तिच्यावाचून जगावंसं वाटतंय म्हणून. मग वाटलं, ती असती तर तिनं याच्याच साठी उपास धरले असते.

मंदा पळत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आली. बाईंनी माझ्या छातीच्या मधल्या हाडावर बोट दाबलं.

"इथं ठणकतंय, आप्पा?"

"व्हय."

"कमरेत? खुब्यात?"

"व्हय, बाई. उतरला ना हाडात?"

बाई हसल्या. मला इतका राग आला की सलाईन उपटून टाकावी वाटली.

"काही उतरलेलं नाही. पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. इंजेक्शननं तो मगज जागा केलाय. तिथं आता जोरात काम चाललंय, जागा पुरत नाही, म्हणून ठणकतंय. मागच्या वेळी दुखलं नव्हतं ना? तेव्हा आत काही चाललंच नव्हतं."

भाऊसाहेबाला आता कंठ फुटला. "म्हंजी कारखान्याचा बॉयलर पेटला म्हणा की, मॅडम. गळीत हंगाम सुरू."

"तसंच समजा," बाई म्हणाल्या.

"पण हे तर त्या सिस्टरनं सांगितलं होतं, हाडं दुखतील म्हणून," भाऊसाहेब म्हणाला. "मीच म्हटलं, मामांना कशाला भ्या घालायचं."

मंदानं त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा आणायला निघून गेला.

दुखण्यावर गोळी दिली, निम्मं कमी झालं. राहिलेलं निम्मं मी आनंदानं सोसलं. हे लिहायला सोपं वाटतं, पण खरंच. एकदा का कळलं की हे दुखणं आपल्या बाजूचं आहे, की ते दुखणं राहत नाही. प्रत्येक ठणक्याला मी मनात म्हणायचो, निघाला एक राखणदार. निघाला अजून एक.

दोन दिवसांनी बाई कागद नाचवतच आल्या. पेशी शेकड्यांतून हजारांत गेल्या होत्या. ताप उतरला होता. पुढचा डोस तारखेला घ्यायचा, म्हणाल्या.

एवढं समजून घ्या. हे इंजेक्शन बाहेरून राखणदार आणून देत नाही. ते तुमच्याच हाडाला हाक मारतं. घाईघाईनं कोवळ्या पेशीसुद्धा बाहेर पडतात, म्हणून आकडा एकदम उडी मारतो आणि औषध थांबलं की थोडा उतरतो. उतरला म्हणून घाबरायचं नाही. आणि अशक्तपणा, तोंडाची चव, केस, याला ते काही करत नाही. त्याचं काम एकच, ते तेवढं करतं.

फाटक

तिसरा डोस तारखेला झाला. डोस झाला की आठवड्याभरानं पेशी सगळ्यांत खाली जातात. नेमक्या त्या दिवसांत नामदेव आण्णा जीप भरून माणसं घेऊन आला. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे एकट्यानं जायचं नसतं. बिस्किटचे पुडे, केळी, सगळं घेऊन आले. मंदा फाटकात आडवी उभी राहिली. आत कुणी यायचं नाही म्हणाली.

मी खिडकीतून बघत होतो. आण्णाचा चेहरा काळानिळा झाला.

"बबन, सख्ख्या भावाला दारातनं माघारी?"

"आण्णा, तुला सर्दी हाय."

"सर्दीच हाय, बंदूक न्हाई आणली."

"आज मला दोन्ही सारखंच," मी म्हटलं.

तो चहासुद्धा न घेता गेला. जाता जाता मोठ्यानं बोलला, लेकीनं बापाला कोंडून घातलाय म्हणून. ते कवठ्यात पसरलं. मंदाला फोन यायला लागले. ती फोन ठेवायची आणि माझ्यासाठी वरण गरम करायला लागायची. कधी मला सांगितलं नाही कोण काय बोललं. तुमच्या घरात अशी एखादी फाटकात उभी राहणारी असेल तर तिला शिव्या खाऊ द्या, पण तिला तिथून हलवू नका.

पुढचे डोस

चौथा, पाचवा, सहावा, सगळे तारखेला पडले. एकही चुकला नाही. भाऊसाहेबानं बर्फाच्या कप्प्याचं झाकण सुतळीनं बांधून टाकलं होतं, घरात कुणाला कुल्फी मिळेना. इंजेक्शनं खालच्या फळीवर, आणि लाईट गेली की तो स्वतः फ्रिजपुढं खुर्ची टाकून बसायचा, कुणी दार उघडू नये म्हणून. चौथ्या डोसानंतर माझं दुखायला उशीर झाला तर मीच घाबरलो. दुसऱ्या दिवशी खुबा ठणकला तसा मी ओरडून सांगितलं, दुखतंय बरं का. गोठ्यातून भाऊसाहेब ओरडला, "दुखू द्या, मामा."

एक गोष्ट मात्र कधी सोपी झाली नाही. केमोच्या खोलीत खुर्च्या ओळीनं असतात. बाकीच्यांच्या शेजारी त्यांच्या बायका. कुणी पाय दाबतंय, कुणी डब्यातलं भरवतंय, कुणी उगीच भांडतंय. मला भांडणं बघवत नसायची. पाय दाबणं एक वेळ लेकही करते, पण तसं भांडणार कोण? मी टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचो. तुमच्यातलं कुणी माझ्यासारखं एकटं असेल तर त्याला सांगतो, ते जात नाही. इंजेक्शननं तेवढं भरून येत नाही. पण त्याच्यासकट बरं होता येतं.

पंगत

शेवटच्या डोसानंतर स्कॅन झाला. बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला, जावयाकडं नाही. बोट ठेवून म्हणाल्या, इथं होती. आता इथं काही नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या. रक्त बघितलं तर पेशी बरोबर, आणि या वेळी इंजेक्शन नव्हतं. हाडानं आपलं आपण केलं होतं.

मी एकच विचारलं. बाई, माणसांत जाऊ का? त्या म्हणाल्या, खुशाल जा.

आण्णाच्या नातीचं लग्न शिरूरला कार्यालयात होतं. पत्रिका त्यानं स्वतः आणली नव्हती, दुसऱ्याच्या हाती पाठवली होती. मंदा म्हणाली, जायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी ठेवणीतलं धोतर बाहेर काढलं. हौसा गेल्यानंतर मी एकाही लग्नाला गेलो नव्हतो, आजाराच्या आधीसुद्धा नाही. तिच्याबरोबर गेलेला माणूस एकटा कसा जाणार?

दारातच आण्णा उभा होता, पाव्हण्यांना नारळ देत. मला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"तोंडाला फडकं न्हाई?"

"सुटलं, आण्णा."

"मग लांब का उभा हायस?"

त्यानं नारळ खाली ठेवला आणि मला मिठी मारली. मंदाला म्हणाला, पोरी, मी बोललो ते गिळ. ती म्हणाली, कधीच गिळलं, काका.

मला फेटा बांधला. डोक्याला केस नाहीत, तो सारखा कपाळावर यायचा आणि पोरी हसायच्या. अक्षता पडल्या तेव्हा माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. गेलीच. ती जिथं बसली असती तिथं कुणीतरी दुसरी बसली होती, मांडीवर पोर घेऊन. मी तिकडं बघत उभा राहिलो. मग आण्णानं दंड धरला, चल, पंगत बसली.

मांडीला मांडी लावून लोक बसले होते. पोरं अंगावरून उड्या मारत होती, कुणी खोकत होतं, वाढपी घामाघूम होऊन पानात वाकत होते. हजार माणूस असेल. सहा महिने ज्या माणसांपासून मला लपवून ठेवलं होतं, त्यांच्या मधोमध मी बसलो आणि वाढप्याला हाक मारून बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली. पोट भरून जेवलो.

त्याला आता पंधरा दिवस होऊन गेले. मला साधी शिंकसुद्धा आलेली नाही.